हिमोग्लोबिन पंधरा

शेजारचा मुलगा लेहला निघाला होता. एका ठेकेदाराकडे रस्त्याच्या कामावर सुपरवायझर म्हणून, मे ते ऑक्टोबर. आमच्या साताऱ्याकडे घरटी कुणी ना कुणी फौजेत, त्यामुळे लडाख हे नाव नवं नाही. पण आमच्या आळीत लडाख म्हटलं की लोक माझ्या मामांकडे येतात. मामा लष्करात डॉक्टर होते. लेहमध्ये आणि तिथून वरच्या चौक्यांवर दोन खेपा मिळून त्यांनी साडेपाच वर्षं काढली आहेत.

मुलाला त्यांनी नेहमीच्या गोष्टी सांगितल्या. पहिले दोन दिवस नुसता पडून राहा. दारूला शिवू नकोस. डोकं दुखलं तर लपवू नकोस. मुलगा उठायला लागला तेवढ्यात माझ्या धाकट्या बहिणीने विचारलं, "डोकेदुखीच्या गोळ्या कोणत्या घेतल्यास?" ती पुण्यात पोटविकारतज्ज्ञ आहे, दोन दिवसांसाठी घरी आली होती. मुलाने खिशातून चिठ्ठी काढून वाचली: ॲस्पिरीन दोन पट्ट्या, आयब्युप्रोफेन चार पट्ट्या.

"त्या इथेच ठेव. पॅरासिटामॉल ने. सहा महिने पोटात या गोळ्या टाकल्यास तर तिकडे रक्त ओकशील."

मामा हसले नाहीत, पण मान हलवली. "अगं, गोळ्यांना कशाला बोल लावतेस? तिथे पोटातून रक्त जातं ते उंचीनं. मी पाहिलंय."

मुलगा निघून गेला. हे दोघं मात्र रात्री अकरापर्यंत बोलत राहिले. मी मध्ये बसून ऐकत होतो आणि थोड्या वेळाने वही घेऊन बसलो, कारण दोघांनाही ते मनापासून लागलं होतं हे मला दिसत होतं.

मामांचं म्हणणं सरळ होतं. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण दोन तृतीयांश. साडेपाच हजार मीटरवर तो निम्म्यावर येतो. छातीत तेवढीच हवा भरली तरी तिच्यातला प्राणवायू कमी. "आता जठर काय आहे ते तूच मला शिकवशील. पण माझ्या शब्दांत ऐक. जठरात आम्ल असतं, मांस विरघळवणारं. त्या आम्लात जठर स्वतः विरघळत नाही ते कशामुळे? आतून बुळबुळीत थर असतो, अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत नव्या होतात, आणि खालून रक्त सतत वाहत असतं. हे सगळं प्राणवायूवर चालतं. वर गेलं की शरीर काय करतं? मेंदूला आधी, हृदयाला आधी. थंडीत पुन्हा नसा आवळतात. घरात पाहुणे आले की सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसते ती घरची बाई. शरीरात तसं पोट. उरलंसुरलं त्याला."

"आणि मग अस्तर झिजतं," धाकटी म्हणाली.

"झिजतं, सुजतं, ओरखडे उठल्यासारखं होतं, गळायला लागतं. गोळी लागत नाही त्याला."

मग मामांनी त्यांचं आवडतं उदाहरण काढलं, तिबेटच्या रेल्वेचं. ते सांगताना आवाज चढतो त्यांचा, आणि मला ते आवडतं, कारण एका फौजी डॉक्टरला सीमेपलीकडच्या डॉक्टरांच्या कामाबद्दल एवढा आदर असणं मला मोठं वाटतं. गोलमुड ते ल्हासा, ११४२ किलोमीटर. काम २००१ मध्ये सुरू झालं, १ जुलै २००६ ला गाडी धावली. त्यातले ९६० किलोमीटर चार हजार मीटरच्या वर. तांगुला खिंडीत रूळ ५०७२ मीटरवर चढतात. फंगह्वोशान बोगदा ४९०५ मीटरवर, तिथे आत काम करणाऱ्यांसाठी प्राणवायू तयार करून सोडावा लागला. मजूर हजारोंनी आले ते बहुतेक सपाटीवरचे. त्यांच्या प्रकृतीचा विचार करणारे मुख्य डॉक्टर वू तियानयी, ताजिक वंशाचे, आयुष्य छिंगहाईच्या पठारावर काढलेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटातल्या रक्तस्रावावर २००७ मध्ये एक निबंध छापला. ३५४५ ते ४९०५ मीटरवर काम करणारे १३,५०२ मजूर. त्यांतल्या ०.४९ टक्के लोकांना रक्ताची उलटी झाली, काळी शौच झाली किंवा शौचातून ताजं रक्त गेलं.

"हजारात पाच," मामा म्हणाले. "आणि बहुतेकांना वर पोहोचल्यापासून तीन आठवड्यांच्या आत. तीन आठवडे! उंची नाही तर काय?"

"मामा, तो निबंध मीही वाचलाय. तुम्ही त्यातलं अर्धं पान सांगता." धाकटीच्या बोलण्यात धार असते, पण मामांशी बोलताना ती नेहमी पुढे सरकून बसते, लहान असताना बसायची तशी. "धोका कुणाला जास्त होता, तेही लिहिलंय त्यांनी. भरपूर दारू पिणाऱ्याला. ॲस्पिरीन घेणाऱ्याला. उंचीच्या त्रासावर देतात ते डेक्सामेथासोन घेणाऱ्याला. आधी अल्सर होऊन गेलेल्याला. आणि ज्याचं रक्त उंचीवर राहून फार दाट झालंय त्याला. ही पाच माणसं बाजूला काढा, मग सांगा उंचीच्या वाट्याला किती उरतात."

"प्रयोग झालेत ना. नुसती विरळ हवा आणि थंडी दिली तरी अस्तर सोलवटतं. तिथे कुणी दारू पाजली नव्हती."

"सोलवटतं, मान्य. सोलवटलेल्या अस्तरावर काय पडतं, हे विचारते मी. प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य जठर स्वतःच्या रक्षणासाठी बनवतं. ॲस्पिरीन काय, आयब्युप्रोफेन काय, ते बनणंच बंद करतात. डोकेदुखी त्यानेच थांबते आणि अस्तर उघडं पडतं तेही त्यानेच. त्यात डेक्सा दिलं की धोका कित्येक पटींनी वाढतो. आणि वर गेलेल्या माणसाला डोकेदुखीशिवाय दुसरं काय होतं हो? म्हणजे ज्याचं पोट सगळ्यात नाजूक झालंय, नेमका तोच सगळ्यात जास्त गोळ्या खातो."

मामांनी इथे एक मुद्दा बरोबर धरला. आयब्युप्रोफेन उंचीच्या डोकेदुखीवर चालतं, हे चाचण्यांतून दिसलेलं आहे, ते वाईट औषध नव्हे. धाकटीनेही लगेच कबूल केलं. आठ दिवसांच्या सहलीला गेलेल्या निरोगी माणसाने दोन-तीन गोळ्या घेतल्या तर तिची हरकत नव्हती. तिची हरकत सहा महिने तिथे राहणाऱ्याला होती, रोज संध्याकाळी कंबर दुखते म्हणून घेणाऱ्याला, उपाशीपोटी घेणाऱ्याला.

मग दोघं पेरूकडे वळले. अँडीज पर्वतातल्या लोकांच्या अल्सरवर गारिदो-क्लिंगे आणि पेन्या या डॉक्टरांनी १९५९ मध्ये लिहिलं होतं. इतरत्र ड्युओडेनममधले, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीचे, अल्सर जास्त सापडायचे, वरच्या गावांत मात्र जठरातले जास्त, आणि ते रक्त फार सोडायचे. मामांना हा पुरावा वाटतो, कारण ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथली, प्रवासी नव्हेत. धाकटी म्हणाली, १९५९ मध्ये कुणाला अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर माहीत होता? मार्शल आणि वॉरन यांना तो जंतू १९८२ साली सापडला, नोबेल २००५ मध्ये मिळालं. पेरूत तो लहानपणापासून घराघरांत. मामा म्हणाले, "लिमामध्येही घराघरांत आहे, आणि लिमा समुद्रकाठी आहे." यावर धाकटी थोडा वेळ गप्प राहिली. हे दोघं एकमेकांना उत्तर नसलं की गप्प राहतात, वेड घेऊन पेडगावला जात नाहीत, म्हणूनच मी ऐकत बसतो.

पण तिने लगेच ला रिंकोनादाचं नाव काढलं. पेरूतलं हे सोन्याच्या खाणीचं गाव ५१०० मीटरवर आहे, जगातली सगळ्यात उंच कायमची वस्ती. तिथे 'काचोरेओ' नावाची पद्धत आहे. खाणमजुराने महिनाभर बिनपगारी राबायचं आणि शेवटी एखाद्या दिवशी जेवढा दगड नेता येईल तेवढा आपला. दगडात सोनं निघालं तर निघालं. "तिथल्या माणसाच्या पोटात रक्त आलं तर तुम्ही लिहाल, उंची. मी लिहीन, महिनाभराची उपासमार, दारू, थंडी, आणि डोकं दुखतंय तरी उद्या खाणीत उतरायचंच म्हणून खाल्लेल्या गोळ्या. उंची हा त्याचा पत्ता आहे मामा. पत्त्याला आपण निदान म्हणतो."

मामांनी चष्मा काढून पुसला. मग जे सांगितलं ते मी आजवर त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मनाली–लेह रस्त्यावर मोरे मैदान लागतं, सुमारे ४७०० मीटर, सपाट, वाऱ्याचं. तिथे रस्त्याच्या कामावर दुमक्याकडचे मजूर असायचे, तेव्हाच्या बिहारचे, आता ते झारखंड. त्यांतला एकजण मामांच्या तात्पुरत्या दवाखान्यात आला. वय असेल तिशीचं. डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, दोन दिवस जेवण जात नाही. नाडी जलद, पण तिथे सगळ्यांचीच जलद असते. मामांनी उंचीचा त्रास ठरवला, प्राणवायू लावला, डेक्साचं इंजेक्शन दिलं, डोक्यासाठी ॲस्पिरीन दिली. रीत म्हणून बोट टोचून साहलीच्या नळीत हिमोग्लोबिन पाहिलं. पंधरा. वहीत पंधरा लिहून पुढे 'उत्तम' असं लिहिलं.

"तो शब्द अजून दिसतो मला," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो मजूर आडोशाला गेला तिथेच कोसळला. सोबत्यांनी उचलून आणला तेव्हा कपडे खराब झाले होते, काळेभोर, चिकट, आणि एक विशिष्ट घाण वास, जो पोटविकाराच्या डॉक्टरला आणि अशा रुग्णाच्या घरच्यांना आयुष्यभर विसरता येत नाही. जठरात सांडलेलं रक्त आम्लाने आणि आतड्यातून जाताना काळं पडतं. अर्धा ते एक कप चहाएवढं रक्त पोटात गेलं तरी शौच काळी होऊ शकते. त्याला तीन दिवस तसं होत होतं. सोबत्याला त्याने सांगितलंही होतं. त्याच्याकडे शब्दही अगदी नेमका होता, कारण दिवसभर तो तेच काम करायचा. 'अलकतरा', म्हणाला होता. डांबर. सोबत्याने ते कुणाला सांगितलं नाही, आणि मामांनी विचारलं नव्हतं.

"आणि पंधरा?" धाकटीने हळूच विचारलं.

तो माणूस दोन हिवाळे खाली गेला नव्हता, बर्फ काढायच्या कामावर लेहकडेच राहिला होता. आदल्या वर्षीच्या तपासणीचं कार्ड नंतर सापडलं. त्यात साडेवीस होतं.

इथे वाचकांसाठी थोडं थांबतो, कारण मला हे त्या रात्री तीनदा समजावून घ्यावं लागलं. विरळ हवेत मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात, अस्थिमज्जा तांबड्या पेशी जास्त बनवते, हिमोग्लोबिन वाढतं. काहींत ते बेसुमार वाढतं. पुरुषात २१ आणि स्त्रीत १९ ग्रॅमच्या वर गेलं आणि त्रास सुरू झाला, तर त्याला जुनाट पर्वतीय आजार म्हणतात. पेरूच्या कार्लोस मोंखे यांनी तो १९२५ मध्ये पहिल्यांदा नीट मांडला. चेहरा जांभळट, डोळे लाल, डोकं जड. असं दाट रक्त काकवीसारखं संथ चालतं. जठराच्या अस्तरातल्या बारीक शिरा फुगून तुंबतात, आणि तुंबलेली शीर फुटायला फार कारण लागत नाही. हेच दाट रक्त कधी गोठतं सुद्धा. उंचीवरच्या आपल्या जवानांत आतड्याच्या शिरांमध्ये गुठळ्या झाल्याच्या नोंदी आहेत. एकाच रक्ताने एकाची शीर बंद पडते आणि दुसऱ्याची फुटते, हे मला फार अस्वस्थ करणारं वाटतं.

तर साडेवीसवरून पंधरा म्हणजे त्याच्या तांबड्या पेशींचा पाव हिस्सा गेला होता. कदाचित जास्त. रक्त नुकतंच वाहत असताना पेशी आणि पाणी दोन्ही एकदमच जातात, त्यामुळे आकडा सुरुवातीला फारसा उतरत नाही. शरीर पुढच्या एक-दोन दिवसांत पाणी ओढून घेतं तेव्हा खरा आकडा दिसतो.

"म्हणजे बघ," मामा म्हणाले. त्यांचा आवाज आता वाद घालणाऱ्याचा राहिला नव्हता. "तू पुण्यात असतीस आणि हा तुझ्यासमोर आला असता, तर पंधरा पाहून तूही घरी पाठवला असतास. पंधरा म्हणजे रक्तस्राव, हे कळायला उंचीच डोक्यात असावी लागते. तू ती बाजूला काढ म्हणतेस. बाजूला काढली की पंधराचा अर्थच लागत नाही."

"खरं आहे," धाकटी म्हणाली. "हे मी कधी या बाजूने पाहिलं नव्हतं." मग जरा वेळाने, "पण मामा, तुमच्या डोक्यात उंचीच होती की. चक्कर, उंची. मळमळ, उंची. जलद नाडी, उंची. भूक नाही, उंची. प्रत्येक लक्षणाला आधीच नाव ठेवलेलं होतं, म्हणून प्रश्न विचारायला जागाच उरली नाही."

मामा काही बोलले नाहीत. माझ्या आईने आतून ताटं वाढल्याची हाक दिली, कुणी उठलं नाही.

हिमोग्लोबिनच्या आकड्यावर मग दोघं बराच वेळ एकत्र खल करत बसले, आता एकमेकांविरुद्ध नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०११ चा तक्ता होता. रक्त कमी आहे का हे ठरवताना ३५०० मीटरवर राहणाऱ्याच्या आकड्यातून २.७ वजा करायचे, ४५०० मीटरवर ४.५. त्या हिशेबाने मोरे मैदानावरचा पंधरा म्हणजे खालचा साडेदहा. मामांना हे पटकन पटलं. पण धाकटी म्हणाली, हा हिशेब लडाखी माणसाला लावला तर पुन्हा चूक होईल. तिबेटी वंशाच्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून ईपास-१ नावाच्या जनुकाचं एक वेगळं रूप पसरलंय, २०१० मध्ये ते उजेडात आलं. त्यामुळे त्यांचं हिमोग्लोबिन उंचीवरही फार वाढत नाही. चांगथांगच्या पठारावर मेंढ्या चारणाऱ्या चांगपा माणसाला पंधरा असेल तर तो ठणठणीत असू शकतो. तक्त्याने वजाबाकी केली तर त्याला फुकट आजारी ठरवू. आणि त्याच्या शेजारी खडी फोडणारा दुमक्याचा माणूस त्याच पंधरावर मरणाच्या दारात असतो.

"मग आकड्याचं करायचं काय?" मी विचारलं. त्या रात्री मी विचारलेला हा एवढाच प्रश्न.

"त्या माणसाचा आधीचा आकडा पाहायचा," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा नाही, तक्त्याचाही नाही."

मामा म्हणाले, "आणि तो आधी कुणीतरी घेऊन ठेवलेला असायला हवा."

उपचारावर पुन्हा ठिणगी पडली. मामांचा फौजी नियम: उंचीचा कुठलाही गंभीर त्रास, माणूस खाली न्या. धाकटी म्हणाली, आधी रक्त थांबवा. शिरेतून आम्ल थांबवणारं औषध, दुर्बीण, फुटलेल्या जागी इंजेक्शन किंवा क्लिप. तेव्हा मामांकडे शिरेतून द्यायला रॅनिटिडीन होतं, सलाईन होतं आणि प्राणवायूचे दोन सिलिंडर. दुर्बीण नव्हती. आणि 'खाली' म्हणजे कुठे? मोरे मैदानावरून लेहला यायचं तर मध्ये तांगलांग ला आहे, ५३०० मीटरच्या वर. खाली उतरण्यासाठी आधी सहाशे मीटर चढायचं, निम्मं रक्त गेलेला माणूस घेऊन. मामांनी तो प्रवास सांगितला नाही फारसा. मागच्या हौद्यात गाद्या, सहा घोंगड्या, सिलिंडर पायांत धरून बसलेला कंपाउंडर. खिंडीत माणसाचे ओठ करडे झाले होते, एवढंच म्हणाले. लेहला पोहोचले तेव्हा रक्त द्यायला त्याच्याच टोळीतले चौघं मागच्या ट्रकमधून आले होते. त्यांचं रक्त इतकं दाट होतं की पिशवी भरायला वेळ लागला. माणूस वाचला. पुढे गावी गेला, नंतरचं मामांना माहीत नाही.

"आता रक्त कधी द्यायचं, ते सांग," मामा म्हणाले. "तुमचा नियम काय?"

"सातच्या खाली गेलं तर. २०१३ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी मोठी चाचणी केली. सातपर्यंत थांबून रक्त दिलेले रुग्ण जास्त जगले, घाईने नऊलाच दिलेल्यांपेक्षा."

"बार्सिलोना समुद्रकाठी ना?"

"हो." ती थोडं थांबली. "तो आकडा मी लेहमध्ये डोळे मिटून वापरणार नाही. तिथे सात म्हणजे सात नाही."

मला वाटतं, वादाचं मूळ इथेच होतं. धाकटीला 'उंची' हा शब्द नको होता, कारण तो शब्द लिहिला की पुढची सगळी चौकशी बंद होते, ठेकेदाराची, दारूची, गोळ्यांची, जंतूची, पोटभर जेवण मिळतं का याची. मामांना तो हवा होता, कारण तो काढला की तिथलं एकही मोजमाप खरं बोलत नाही. मी स्वतः धाकटीच्या बाजूला जास्त झुकतो. हिमोग्लोबिनच्या बाबतीत मात्र मामांनी मला पुरतं हलवलं.

शेवटी मामांनी जे काढलं ते धाकटीलाही नवीन होतं. दाट रक्ताच्या माणसाचं थोडं रक्त काढलं की डोकं हलकं होतं, हे डॉक्टरांना माहीत आहे, तो एक उपायही आहे. "मग पोटातल्या पोटात थोडं थोडं रक्त गेलं तर काय होईल? पहिले काही दिवस त्याला बरं वाटत असेल. चेहऱ्याचा जांभळेपणा उतरत असेल. मी अशांना 'सवय झाली' म्हणून कामावर पाठवलं असेल." हा त्यांचा संशय आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. पण तीसेक वर्षांनी एखादा डॉक्टर स्वतःच्या हातून निसटलेल्यांचा असा हिशेब करत बसतो, तेव्हा आपण ऐकून घ्यावं.

जेवताना धाकटी एकदम म्हणाली, "मामा, तुम्ही त्या मुलाला सगळं त्याच्या स्वतःच्या प्रकृतीचं सांगितलंत."

"मग?"

"तो सुपरवायझर म्हणून चाललाय. त्याच्या हाताखाली तीस-चाळीस माणसं असतील. फौजेच्या जवानाला वर चढवताना तुम्ही पहिल्या टप्प्यावर सहा दिवस थांबवता, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर चार. तिबेटच्या रेल्वेवर मजुरांनाही आधी गोलमुडला थांबवून टप्प्याटप्प्याने नेलं. या मुलाच्या मजुरांना कोण थांबवणार? कुठल्या दिवशी फावडं हातात द्यायचं ते हाच ठरवणार ना?"

मामांनी घास खाली ठेवला.

सकाळी सहाला ते शेजारी गेले, मीही गेलो. मुलगा बॅग भरत होता. मामांनी शाळेची शंभर पानी वही आणली होती, रात्रीच रेघा मारून ठेवलेली. नाव, गाव, वर आल्याची तारीख, लेहमध्ये पोहोचल्यावरचं हिमोग्लोबिन, महिन्याने पुन्हा. शेवटचा रकाना रुंद होता, त्यात काही लिहिलं नव्हतं.

"लेहला उतरलास की प्रत्येकाचं रक्त तपासून घे. ठेकेदार पैसे देत नसेल तर मला फोन कर, मी देतो. आठ दिवस कुणाला फावडं देऊ नकोस. ॲस्पिरीन-बिस्पिरीन कुणाला वाटायची नाही. आणि कुणी म्हणाला चक्कर येते, तर आधी एक गोष्ट विचारायची. त्यांच्या भाषेत. म्हण माझ्यामागे."

मुलाने आईकडे पाहिलं. ती चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

"लैट्रीन अलकतरा जैसा तो नहीं हो रहा?"

मुलगा पुटपुटला.

"मोठ्यानं म्हण," मामा म्हणाले. "वाऱ्यात ऐकू जायला हवं."

मुलगा लाल झाला. मग त्याने कप खाली ठेवून ते वाक्य मोठ्याने म्हटलं, आणि मामांनी त्याच्याकडून ते आणखी दोनदा म्हणवून घेतलं.